पायी नर्मदा परिक्रमा, रोजच्या फजित्या आणि सजगता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परिक्रमेला निघणारे लोक बुटांबद्दल, सॅकच्या वजनाबद्दल, मुक्कामाच्या गावांबद्दल विचारतात, आणि त्याची उत्तरं आता सहज मिळतात. इथले प्रश्न वेगळे आहेत. रोज संध्याकाळी नव्या गावात, परक्या छपराखाली पथारी टाकायची असते. तिथे चप्पल हरवते, भात करपतो, कोणीतरी अंगावर ओरडतं. अशा वेळी आपल्या मनाचं काय करायचं, हे विचारणारेही बरेच असतात. मी पायी परिक्रमा केली, पुढे काठावरच्या एका अन्नक्षेत्रात सेवेलाही राहिले. त्यामुळे ज्याची फजिती होते तो आणि ज्याला ती निस्तरावी लागते तो, अशा दोन्ही बाजू मला जवळून दिसल्या. त्यातून सुचलेली ही उत्तरं.

सजगता शिकायची तर इगतपुरीला दहा दिवस बसावं. त्यासाठी एवढी पायपीट कशाला?

बसावं, जरूर बसावं. इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र 1976 पासून चालू आहे आणि मराठी घरांत तिथे जाऊन आलेलं कोणीतरी सापडतंच. पहाटे 4 वाजता घंटा, ठरल्या वेळी जेवण, मौन, वाचन-लेखन बंद, फोन जमा. बाहेरचे व्यत्यय काढून टाकले की मन स्वतःला कसं छळतं ते दिसायला लागतं. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये रुग्णांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. आज ‘माइंडफुलनेस’ म्हणून जे शिकवलं जातं त्यातलं बरंचसं तिथून पसरलं. त्यातही शिकवणारा असतो, खोली असते, वेळापत्रक असतं.

परिक्रमेत यातलं काहीच नसतं. नदी 1312 किलोमीटर लांब, दोन्ही काठ चालायचे, म्हणजे अडीच हजारांहून जास्त किलोमीटर, आणि उद्या कुठे जेवण मिळेल हे आज माहीत नसतं. आधी बैठकीचा सराव असेल तर वाटेवर त्याचा उपयोग होतो. नसेल तरी अडत नाही, कारण दिवसातून दोन-चार वेळा काहीतरी असं घडतंच की लक्ष आपोआप जागं होतं. त्या जागेपणाचं काय करायचं, तेवढं शिकावं लागतं.

पण अनोळखी ठिकाणीच हे का व्हावं? फजिती घरीही होते.

घरी हात अंधारातही बटणावर जातो. नळ किती फिरवायचा, कोणती पायरी उंच आहे, हे शरीराला पाठ असतं. म्हणून दात घासताना मन ऑफिसात असतं आणि जेवताना मोबाइलमध्ये. त्याची किंमत लगेच मोजावी लागत नाही.

धर्मशाळेत पहाटे उठून बाहेर जायचं तर दाराची कडी वर आहे की खाली, उंबऱ्याशी कोण झोपलंय, पिंपातलं पाणी पिण्याचं आहे की वापरायचं, हे सगळं बघावं लागतं. न बघता पाऊल टाकलं की कोणाच्या तरी पोटरीवर पडतं. घरची सवय इथे लागू होत नाही, आणि ती लागू झाली नाही की पहिल्यांदा ती सवय होती हे कळतं. एक उदाहरण नेहमी दिसायचं. शहरातून आलेली माणसं लोटाभर पाणी घ्यायची, दोन घोट प्यायची आणि उरलेलं सहज ओतून द्यायची. ते पाणी कोणीतरी लांबच्या हापशावरून डोक्यावर आणलेलं असायचं. तिथल्या आजी काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. ते बघणं ज्याला जाणवलं त्याचा हात पुढच्या वेळी आपोआप थांबायचा.

नेमक्या कसल्या फजित्या होतात? आधीच कळलं तर तयारी करता येईल.

तयारी थोडीच करता येते, पण सांगते.

हिवाळ्यात काठावर दव फार पडतं. उघड्या ओसरीत झोपलात तर पहाटे कांबळं ओलं झालेलं असतं आणि ते वाळायच्या आत निघावं लागतं. घाटाच्या पायऱ्यांना शेवाळ असतं, स्नानाला उतरताना पाय सरकतो. दहा परिक्रमावासी आणि भिंतीत एकच सॉकेट, त्यातही रात्री लाइट जाते. टिक्कड म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेली जाड पोळी. ती गरम असताना उत्तम लागते आणि गार झाली की दातांची परीक्षा. डोंगराळ भागात मक्याची भाकरी मिळते, ती न मानवल्याने पोट बिघडलेले किती तरी पाहिले. कुत्री गावाच्या वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत भुंकत सोडायला येतात. तळपायाला फोड आला की सगळं लक्ष त्या रुपयाएवढ्या जागेत गोळा होतं.

आणि माणसं. शेजारी घोरणारं, पहाटे अडीचला प्लॅस्टिकच्या पिशव्या चुरचुरवत सामान भरणारं, तुमच्या चपला घालून निघून गेलेलं.

फजिती झाली, त्या क्षणी नक्की काय करायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

चप्पल जागेवर नाही हे दिसल्याबरोबर शरीरात आधी काहीतरी होतं. श्वास अडकतो, जबडा घट्ट होतो, कानाशी गरम वाटतं. हे एका-दोन सेकंदांत होऊन जातं. त्यानंतर डोक्यात बोलणं सुरू होतं: कोणी नेली, लोकांना लाज कशी नाही, माझ्याच बाबतीत असं का, आता पुढे कसं होणार. चप्पल एकदाच गेलेली असते, पण हे बोलणं पुढचे पंधरा किलोमीटर चालू राहू शकतं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे आपली कृती, जी बहुतेक वेळा त्या बोलण्याच्या तालावर होते.

शिकायचं आहे ते पहिल्या आणि दुसऱ्या गोष्टीच्या मधे थांबायला. उभे असाल तर उभेच राहा. दोन्ही तळपाय जमिनीला टेकलेले जाणवू द्या. जमीन गार आहे का, खडा टोचतोय का, इतकं बारीक. मग तीन श्वास, त्यात बाहेर सोडण्याचा श्वास लांबवायचा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून हा भाग खरोखर उपयोगी आहे, नुसती समजूत नाही. मग घडलेली गोष्ट एका साध्या वाक्यात मनाशी म्हणायची: ‘चप्पल इथे नाही.’ त्या वाक्यात ‘नेहमी’, ‘मुद्दाम’, ‘मलाच’ असा शब्द घुसला तर वाक्य पुन्हा करायचं. शेवटी विचारायचं, आता लगेच करण्यासारखं काय आहे? आसपास बघणं, सेवेकऱ्याला विचारणं, सॅकमधली स्लीपर काढणं. तेवढं करायचं.

पहिले काही दिवस हे सुचतच नाही. फजिती होऊन, चिडून, भांडून झाल्यावर संध्याकाळी आठवतं. चालेल. त्या वेळी बसून मागे जाऊन बघायचं: आधी कुठे घट्ट झालं होतं, मग काय बोललो. हळूहळू हे आठवणं संध्याकाळवरून दुपारवर आणि मग त्या क्षणाच्या जवळ येतं.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. राग येऊ नये यासाठी हे नाही. राग येतोच. तो आला आहे हे तो असतानाच दिसावं, यासाठी आहे.

आश्रमात कोणी सगळ्यांसमोर ओरडलं तर? अपमान वाटतो.

वाटणारच. परिक्रमावासी सगळीकडे ‘नर्मदे हर’ म्हणत आदराने घेतला जातो, बायांना ‘माताराम’ म्हणतात, आणि अचानक कोणीतरी खेकसतं की चुलीच्या बाजूला का आलात, हात न धुता मटक्याला का लावला. काही ठिकाणी सोवळं कडक असतं, काही ठिकाणी अजिबात नसतं, आणि पाटी कुठेही नसते.

अन्नक्षेत्रात सेवेला असताना दुसरी बाजू कळली. कार्तिकी एकादशीनंतर परिक्रमावासींची रीघ लागते. पहाटेपासून चहा-प्रसादी, मग बालभोग (सकाळचा नाश्ता), मग ‘कितनी मूर्ती?’ विचारत येईल त्या प्रत्येकासाठी स्वयंपाक. ‘मूर्ती’ म्हणजे माणसं. रात्री दहाला शेवटची मंडळी येतात आणि पहिली पहाटे तीनला उठतात. सेवेकरी बहुतेक गावातलेच असतात, दिवसा स्वतःचं शेत बघून येणारे. तो आवाज चढतो तो बऱ्याचदा तुमच्यासाठी नसतो, आधीच्या चाळीस जणांसाठी असतो.

त्या क्षणी करायचं एवढंच: खुलासा देण्याची घाई थांबवायची. ओठ हलायला लागलेले जाणवतात, तिथे थांबायचं. ‘हो, चुकलं, कुठे ठेवू?’ विचारायचं. नंतर शांतपणे भांडी घासायला बसा. राखेने पातेलं घासताना अपमानाचं काय होतं ते बघा. मला हा सर्वांत परिणामकारक उपाय वाटतो, पण तो माफी म्हणून करू नका, काम म्हणून करा.

रात्री झोपच लागत नाही. घोरणं, उजेड, डास. सजगता ठेवू की कानात बोळे घालू?

बोळे घाला. दिवसभर चाललेल्या शरीराला झोप हवी असते, आणि झोप न झालेल्या माणसाचं भान दुसऱ्या दिवशी वाटेवर राहत नाही. मच्छरदाणी जवळ ठेवा.

बोळे घालूनही जाग राहिली, तर घोरण्याशी झगडू नका. आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. बहुतेक त्रास मधल्या शांततेत असतो, कारण आपण पुढच्या आवाजाची वाट बघत असतो. ती वाट बघणं पोटात कुठे जाणवतं ते शोधत पडून राहा. काही जणांना अशीच झोप लागते. नाही लागली तरी रात्र कमी कटकटीची जाते.

वाट चुकलो की फार वैताग येतो. दोन तास फुकट.

वाटा चुकतात याचं एक कारण नीट समजून घ्या. जुनी परिक्रमेची वाट बरीचशी पाण्याखाली गेली आहे. जबलपूरच्या वर बरगी, खाली इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर. 2004 मध्ये इंदिरा सागराच्या पाण्यासाठी हरसूद हे आख्खं गाव उठलं. सरदार सरोवराची भिंत 138.68 मीटर उंचीला पोचली आणि बडवानीजवळच्या राजघाटापर्यंत फुगवटा आला. त्यामुळे वाट आता काठ सोडून लांबून जाते, शेतांमधून, डोंगरांवरून, कधी सडकेने. दहा वर्षांपूर्वी परिक्रमा केलेल्याने सांगितलेली खूण तिथे नसू शकते. आणि तुम्हाला दोन तास आडवाटेने जावं लागतं, तिथे कोणाचं तरी घर-शेत कायमचं गेलेलं असतं, हेही चालताना मनात असू द्यावं.

चुकलात हे कळल्यावर पहिली ऊर्मी भराभर चालण्याची होते, वेळ भरून काढायला. नेमकं उलटं करा. बसा, पाणी प्या. परिक्रमेत नदी उजव्या हाताला ठेवायची असते, तेव्हा आधी नदी कुठे आहे ते ठरवा. माणूस दिसेपर्यंत थांबता येत असेल तर थांबा. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या डोंगरात किंवा पुढे शूलपाणीच्या भागात अंधारात वाट शोधत फिरू नये, दिसेल त्या पाड्यावर थांबावं. ‘फुकट’ गेलेल्या दोन तासांबद्दल मात्र विचारावंसं वाटतं: परिक्रमेला निघालेल्या माणसाला पोचायचं कुठे असतं? ओंकारेश्वराहून निघून तो ओंकारेश्वरालाच परत येणार असतो.

काहीही झालं की सोबतचे म्हणतात, ‘मैया परीक्षा घेते.’ तुम्हाला पटतं का?

माझी नर्मदेवर श्रद्धा आहे, म्हणूनच हे जपून सांगते. मैयाची इच्छा म्हणून स्वीकारण्याने मोठ्या संकटात माणसाला उभं राहता येतं, हे मी पाहिलं आहे. पण तेच वाक्य घाईने वापरलं तर समोरचं बघणं टळतं. पैशांची पिशवी झाडाखाली विसरली, मैयाची परीक्षा. सोबत्याला लागेल असं बोललो, तो रुसला, मैयाची परीक्षा. अशाने आपण काय करत होतो हे कधीच कळत नाही आणि तीच फजिती पुढच्या मुक्कामाला पुन्हा होते.

माझं म्हणणं असं: आधी बघा, मग म्हणा. पिशवी खाली ठेवली तेव्हा लक्ष कुठे होतं? फोनवर? दुखऱ्या गुडघ्यावर? कोणाच्या तरी बोलण्यावर? ते दिसल्यावर हवं तर मैयाच्या पायाशी ठेवा. दत्त संप्रदायातल्या टेंबे स्वामींची समाधी गरुडेश्वरला आहे, तिथे बरेच मराठी परिक्रमावासी मुक्काम करतात. त्या परंपरेत श्रद्धा आणि आचरणातली काटेकोर शिस्त हातात हात घालून चालतात. श्रद्धेने ढिलाईला पांघरूण घालावं, असं तिथे कोणी शिकवलेलं नाही.

मी अखंड जप करत चालते. मग वेगळी सजगता कशाला?

जप चालू असताना पाय कुठे पडतोय हे कळत असेल, तर वेगळं काही करू नका. ओठ जपात आणि मन नाशिकच्या फ्लॅटमध्ये असेल, तर ठेच लागल्यावर ते लक्षात येईल.

सदाव्रत मिळालं की स्वयंपाक स्वतः करायचा असतो. तिथे रोज गडबड होते.

सदाव्रत म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ असा शिधा. काही ठिकाणी शिजवलेलं जेवण मिळतं, काही ठिकाणी शिधा घ्यायचा आणि तीन दगडांची चूल मांडायची. गॅसवर आयुष्य गेलेल्यांची इथे खरी शाळा होते.

लाकडं ओली, धूर डोळ्यांत, पातेलं लहान, पाण्याचा अंदाज नाही. वारा फिरला की जाळ एका बाजूला जातो. भात खाली करपतो आणि वर कच्चा राहतो. भूक लागलेली असते आणि अंधार पडत असतो. एवढी सगळी कारणं एकत्र आल्यावर सोबत्याला काहीतरी टोचून बोललं जातंच.

चूल मुळात लक्ष मागते. गॅसची ज्योत लावून दुसऱ्या खोलीत जाता येतं. चुलीपुढे बसावंच लागतं, लाकूड आत सारायचं, मागे ओढायचं, फुंकर किती घालायची ते बघायचं. ज्या बायका रोज हे करतात त्यांच्याकडे थोडा वेळ नुसतं बघा. त्यांचा हात घाईत नसतो आणि थांबतही नाही. मी तर सुचवेन की पहिल्या काही सदाव्रतांना बोलणं बंद ठेवा, फोटोही नको. फक्त जाळ. भात तरीही करपू शकतो. करपलेला भात खाताना तो करपलाय हे माहीत असणं आणि तरी घास चावून खाणं, यात पुष्कळ शिकायला मिळतं. वाईट झालंय म्हणून भराभर गिळायची जी घाई असते, ती एकदा पकडून बघा.

शिधा टाकू नका. शिधा देणारं घर बऱ्याचदा आपल्यापेक्षा गरीब असतं. गरजेपेक्षा जास्त घ्यायचं नाही हा परिक्रमेचा जुना नियम आहे, आणि ‘किती पुरेल?’ हा प्रश्न रोज संध्याकाळी खरोखर विचारायला तो नियम भाग पाडतो.

सोबत्याशी पटेनासं झालं आहे. तो भरभर चालतो, मला थांबावं लागतं.

वेगवेगळे चाला, मुक्कामाला भेटा. एवढ्याशा गोष्टीसाठी मनाचा अभ्यास करायची गरज नाही. न सांगता गृहीत धरलेल्या अपेक्षा मात्र रोज सकाळी निघण्याआधी बोलून घ्याव्यात.

समुद्राशी होडीसाठी दोन-दोन दिवस ताटकळावं लागतं म्हणतात. तिथे लोक भांडतात?

भांडतात. नर्मदा ओलांडायची नाही, म्हणून मुखाशी वळसा घालायला समुद्रातून जावं लागतं. दक्षिण काठावरच्या विमलेश्वर-कठपोर भागातून होडीत बसायचं आणि उत्तर काठावर मिठी तलाईला उतरायचं. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सर्वांत मोठा. पुरेसं पाणी असल्याशिवाय होडी निघत नाही, आणि भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. कोकणातल्या मंडळींना हे सांगावं लागत नाही, तिथे तिथीवरून भरतीची वेळ काढतात. पुण्या-नागपूरच्या माणसाला मात्र ‘काल 3 वाजता गेली, आज का नाही?’ असं वाटतं.

गर्दी असते, नंबर लागतात, चिखल असतो. महिनाभर उत्तम चाललेली माणसं इथे ढासळतात, कारण चालताना निदान आपण काहीतरी करतोय असं वाटतं. इथे करायला काहीच नसतं. म्हणून हा मुक्काम मी मोलाचा मानते. दर अर्ध्या तासाने उठून चौकशीला जायची ओढ बघा. उठायच्या आधी पायात एक हालचाल होते, ती पकडता आली तर उठायचं की नाही हे ठरवता येतं. आणि वेळ विचारायची तर नावाड्याला विचारा, शेजारच्या परिक्रमावासीला नको. तोही तुमच्याइतकाच अधीर असतो.

फोन घरी ठेवावा का?

ठेवू नका. घरच्यांना खुशाली कळायला हवी, आणि अडचणीत फोन लागतो. दिवसातून ठरल्या वेळी चालू करा. सॉकेट मिळालं नाही तर त्या रात्री काय काय होतं ते लक्षात ठेवा.

आम्ही गाडीने परिक्रमा करणार आहोत. आम्हाला यातलं काही लागू होतं का?

होतं. दोन-तीन आठवड्यांच्या बस परिक्रमेत फजित्या वेगळ्या: खोली ठरल्याप्रमाणे नाही, गरम पाणी संपलं, कोणीतरी उशीर केला आणि पन्नास जण खोळंबले. इथे पैसे भरलेले असतात, त्यामुळे ‘मला हे मिळायलाच हवं’ हा विचार फार लवकर येतो. तो आला की ओळखा. तक्रार करायची असेल तर नंतर करा, नीट करा.

सुरुवातीला सगळं लक्षात राहायचं. आता महिनाभराने पुन्हा यंत्रासारखं चाललंय. काय चुकतंय?

काही चुकत नाही. अनोळखीपणाही अंगवळणी पडतो. महिन्याभरात तुम्हाला आसन कुठे लावायचं, बालभोग केव्हा, कोणत्या कप्प्यात काय, हे पाठ झालेलं असतं. परिक्रमा हीच सवय होते. माझ्या पाहण्यात जास्त वस्तू विसरल्या जातात त्या सुरुवातीला नाही, याच टप्प्यात. पुढे मंडला-दिंडोरीच्या बाजूला थंडीही वाढलेली असते, अमरकंटक तर सुमारे 1000 मीटरवर आहे, शरीर थकलेलं असतं.

अशा वेळी एखादी गोष्ट मुद्दाम बदलावी. पाण्याची बाटली दुसऱ्या बाजूला लावा, दंड दुसऱ्या हातात घ्या, रोज पहिल्यांदा आवरत असाल तर शेवटी आवरा. हात जुन्या जागी जाईल, तिथे काही नसेल, आणि क्षणभर जाग येईल. निघताना झोपलेल्या जागेकडे वळून एकदा पूर्ण बघायचं, हा नियम मात्र कधीच सोडू नका. विसरलेली टॉवेल-बॅटरी सापडते आणि झाडायचा राहिलेला केरही दिसतो.

म्हणजे जे होईल ते सहन करायचं?

अजिबात नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि बायकांच्या बाबतीत तो घातक आहे. कोणी लगट करत असेल, झोपण्याची जागा सुरक्षित वाटत नसेल, कोणी दारू पिऊन आलं असेल, तर तिथे श्वास बघत बसायचं नाही. उठा, मोठ्याने बोला, गावातल्या बायकांकडे जा, पोलिसांना फोन करा. मी एका ठिकाणी रात्री सामान उचलून शेजारच्या घरात झोपायला गेले होते आणि त्या घरातल्या आजींनी काही न विचारता गोधडी दिली. पोटात गोळा आला, हे जाणवणं म्हणजेच सजगता. पुढचं काम त्याप्रमाणे वागण्याचं.

जुलाब लागले तर चालणं थांबवा, ओआरएसची पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात घालून घोट घोट घ्या, कमी झालं नाही तर दवाखाना गाठा. फोड चिघळला, ताप आला, छातीत दुखलं, तर परिक्रमा थांबली तरी चालेल. पूर्वी लोक तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस घेत, चातुर्मासात एका जागी थांबत. थांबण्याला परंपरेत जागा आहे.

रोज लिहून ठेवावं का?

आवडत असेल तर चार ओळी. काय घडलं, शरीरात कुठे जाणवलं, मी काय केलं. निष्कर्ष लिहू नका. महिन्याने सलग वाचलं की एकच प्रकारची फजिती पुन्हा पुन्हा दिसते. कोणाची वाट चुकण्याची असते, कोणाची वादाची, कोणाची उशीर होण्याची. ती दिसली की पुढे कुठे लक्ष ठेवायचं ते ठरतं. कंटाळा येत असेल तर संध्याकाळच्या आरतीनंतर दोन मिनिटं आठवून घेतलं तरी पुरतं.

कोणी हे करताना जपावं?

ज्यांना नैराश्याचा किंवा घबराटीचा त्रास आहे, किंवा अलीकडेच मोठा धक्का बसला आहे, त्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं आणि औषधं स्वतःहून बंद करू नयेत. परिक्रमेला जाणार म्हणून गोळ्या सोडलेले लोक मी पाहिले आहेत, त्यांचे फार हाल झाले. अशा माणसाने एकटं चालू नये. शरीराकडे लक्ष नेल्यावर घाबरं व्हायला होत असेल, तर श्वासावर लक्ष नको. डोळे उघडे ठेवावेत, समोरचं झाड, पलीकडचा काठ, शेतात काम करणारी माणसं बघावीत, सोबत्याशी बोलावं. झोप सलग काही रात्री पूर्ण गेली, किंवा नको ते विचार यायला लागले, तर जवळच्या मोठ्या गावी जाऊन घरी फोन करावा आणि कोणीतरी घ्यायला येईपर्यंत तिथेच राहावं.